यादीत नसलेली मुलं

दोन वर्षांपूर्वीची, आपल्या मंडळाच्या गणपतीतली गोष्ट. आरती आटोपली होती, मी महाप्रसादाच्या रांगेत उभी होते आणि माझ्या मागे एक नवीन जोडपं उभं होतं. नुकतीच टेक्सासहून इकडे मिशिगनला बदली झालेली. ओळखपाळख झाली. मी हायस्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवते हे कळल्यावर त्या बाई एकदम पुढे सरकल्या.

"अय्या, तुमच्याच शाळेत तो स्टेम प्रोग्रॅम आहे ना? आमच्या मुलीला त्यात घ्यायचं तर काय करावं लागेल हो? परीक्षा असते का?"

"काहीच करावं लागत नाही," मी म्हटलं. "शाळेत नाव घातलं की झालं. सगळीच मुलं त्यात असतात."

"सगळी?"

"सगळी."

त्यांचा चेहरा जरा उतरला. त्यांचे यजमान मात्र स्पष्टवक्ते निघाले. म्हणाले, "मग त्याचा फायदा काय?"

तेवढ्यात माझ्या ताटात मोदक पडला, रांग पुढे सरकली आणि उत्तर राहून गेलं. या वर्षी स्मरणिकेच्या संपादकांचा "काहीतरी लिहाच" असा फोन आला, तेव्हा तोच प्रश्न आठवला. त्या गृहस्थांचा मला अजिबात राग आला नव्हता. कारण काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतः विचारला असता. नव्हे, विचारलाही होता.

तर थोडं मागे जाते. मी सांगलीची. आम्ही वडिलांना अण्णा म्हणायचो. ते कुपवाडच्या एमआयडीसीत टर्नर होते. तीस वर्षं लेथवर उभे राहिले. घरी आले की त्यांच्या अंगाला कूलंटचा वास यायचा, आणि कॉलेजच्या फॉर्मवर "वडिलांचा व्यवसाय" या रकान्यात मी नुसतंच "नोकरी" लिहायचे. दहावीला मला गणितात दीडशेपैकी एकशे बेचाळीस मिळाले, मी सायन्सला गेले. पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. झाले. माझ्या धाकट्या भावाला दीडशेपैकी चोपन्न मिळाले. तो आयटीआयला गेला. आळीतले लोक म्हणाले, "मुलगी निघाली हुशार, मुलगा गेला वाया." हे वाक्य मीही एकदा भांडणात त्याला ऐकवलं होतं. ते इथे लिहिताना आजही हात जड होतो.

१९९८ साली लग्न होऊन इथे आले. एच-फोर व्हिसा, म्हणजे नोकरी करायची नाही. ग्रीन कार्ड झाल्यावर शिक्षकाचं सर्टिफिकेट घेतलं, दोन वर्षं सब्स्टिट्यूट म्हणून हिंडले आणि २००६ साली मिशिगनमधल्या एका कारखान्याच्या गावातल्या हायस्कूलमध्ये कायम झाले. जवळजवळ नऊशे मुलं. गावात मोटारींचे सुटे भाग बनायचे. २००९ साली क्रायसलर आणि जनरल मोटर्स दोघांनी दिवाळखोरी जाहीर केली. ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल, किंवा आपल्यापैकी कित्येकांनी तर ऑफिसात बसून अनुभवलं असेल. आमच्या गावातला कारखाना त्यानंतर बंद झाला आणि त्याचा परिणाम शाळेत दिसायला लागला.

इथल्या शाळांच्या पैशांचं गणित थोडं सांगायला हवं. १९९४च्या "प्रपोजल ए"पासून मिशिगनमध्ये शाळांना पैसा मुख्यतः राज्याकडून, दर विद्यार्थ्यामागे मिळतो. शिवाय शेजारच्या डिस्ट्रिक्टने दार उघडं ठेवलं असेल, तर पालक आपलं मूल तिकडे घालू शकतात. मूल गेलं की त्याच्यामागचा पैसाही गेला. दर सप्टेंबरला आमच्याकडची मुलं कमी होत होती. म्हणून २०१२च्या ऑक्टोबरमध्ये मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून सांगितलं, "शाळेसाठी स्टेम प्रोग्रॅम आखून दे. पालकांनी शाळा सोडताना दोनदा विचार केला पाहिजे."

स्टेम म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग आणि मॅथ्स. गंमत म्हणजे नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये आधी ही अक्षरं वेगळ्या क्रमाने लावून "स्मेट" म्हणायचे. २००१च्या सुमारास ज्युडिथ रॅमली या शास्त्रज्ञ बाईंनी ती फिरवून "स्टेम" केलं आणि तेच रुळलं. नाव नवं, पण काळजी जुनीच. रशियाने १९५७ साली स्पुटनिक सोडला तेव्हा अमेरिका अशीच दचकली होती आणि पुढच्याच वर्षी विज्ञान-गणिताच्या शिक्षणासाठी कायदा करून पैसा ओतला होता.

मी मन लावून कामाला लागले. हिवाळाभर खपून चौदा पानांचा आराखडा केला. आठवीतले गणिताचे मार्क, एक प्रवेश परीक्षा, शिक्षकांची शिफारस, आणि त्यातून निवडलेली साठ मुलं. त्यांना वेगळे वर्ग, वेगळी प्रयोगशाळा, त्यांच्यासाठी रोबोटिक्स. नऊशेत साठ! मला त्यात काहीच खटकलं नाही. हुशार मुलं सायन्सला, मधली कॉमर्सला, बाकीची कुठेतरी, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं होतं. सगळ्यांनाच घेतलं तर "मग त्याचा फायदा काय?" असं मी मुख्याध्यापिका बाईंना म्हटलेलं मला स्पष्ट आठवतं.

आराखडा शिक्षकांना वाचायला दिला. दुसऱ्या दिवशी शॉपचे सर माझ्या वर्गात आले. शॉप म्हणजे सुतारकाम, वेल्डिंग, लेथ वगैरेचा वर्ग. सरांची साठी जवळ आलेली, पूर्वी त्यांनी स्वतः कारखान्यात काम केलेलं. फुटबॉलही शिकवायचे, म्हणून सगळी शाळा त्यांना "कोच" म्हणायची. त्यांच्या हातात माझी नमुन्याची यादी होती.

"यात माझा एकही मुलगा नाही," ते म्हणाले.

"परीक्षा सगळ्यांना खुली आहे," मी म्हटलं.

"तुझे स्टरर कुणी दुरुस्त केले?"

मी गप्प बसले. मॅग्नेटिक स्टरर म्हणजे बीकरमधलं द्रावण आपोआप ढवळणारं छोटं यंत्र. माझ्याकडच्या बारापैकी सहा बंद पडले होते आणि नवे घ्यायला पैसे नव्हते. नववीतला एक मुलगा शिक्षा म्हणून शाळा सुटल्यावर माझ्या वर्गात बसायचा. त्याने एके दिवशी विचारलं, "उघडून बघू का?" मोटरच्या दांड्यावरचं लोहचुंबक धरून ठेवणारा बारीक स्क्रू सैल झाला होता. दोन दिवसांत त्याने चार स्टरर चालू केले. हा मुलगा अल्जेब्रात नापास होता.

"तो आहे का यादीत?" कोचने विचारलं. आणि दाराशी जाऊन वळून म्हणाले, "नवव्या पानावर माझं शॉप काढून तिथे कॉम्प्युटर लॅब करायची असं लिहिलंयस. तेवढं मला आधी सांगायला हवं होतंस."

त्या उन्हाळ्यात, २०१३च्या जुलैत, मी सांगलीला गेले. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती. बाहेर मुसळधार पाऊस, कृष्णेला पाणी चढलेलं. भावाची कुपवाडला स्वतःची छोटी शेड आहे, दोन लेथ, जॉबवर्क करतो. इतक्या वर्षांत मी तिथे कधी पाऊलही टाकलं नव्हतं. त्या दिवशी डबा घेऊन गेले. तो एका गवंड्यासाठी पितळेचा ओळंबा करत होता. मी बघत उभी राहिले. गोल सळईला खाली टोक कसं येतं, ते मला कळेना.

"टेपर टर्निंग म्हणतात याला," तो म्हणाला. "हा वरचा व्यास एक इंच, टोकापर्यंतची लांबी दोन इंच. व्यासाचा निम्मा भागिले लांबी. अर्धा भागिले दोन, किती झाले?"

"शून्य पूर्णांक पंचवीस."

"टॅन ज्याचा पंचवीस, तो कोन किती? चौदा अंश. ही स्लाइड चौदा अंशावर फिरवायची आणि काप घ्यायचा. झालं."

मी त्या पितळी टोकाकडे बघत राहिले. तो हात पुसत म्हणाला, "ताई, शाळेत त्रिकोणमिती म्हणजे आपण सायन-कॉस पाठ करायचो. मला कधी जमलं नाही. आयटीआयला हे शिकवलं तेव्हा कळलं, अरे, टॅन यासाठी असतो होय? शाळेतच कुणी सांगितलं असतं तर... तुला माहीत होतं का गं तेव्हा?"

"नव्हतं," मी म्हटलं. दीडशेपैकी एकशे बेचाळीस मिळवून मला माहीत नव्हतं. अण्णा रोज तो टॅन वापरून घरी येत होते, आमच्या शेजारी बसून जेवत होते, आणि आम्हा दोघांपैकी एकानेही त्यांना कधी विचारलं नव्हतं. "वाया गेला" या शब्दांबद्दल मी त्या दिवशी भावाची माफी मागितली. तो म्हणाला, "कधी म्हणालीस? मला नाही आठवत." त्याला आठवत होतं, हे मला माहीत आहे.

परत येताना त्याने तो ओळंबा माझ्या बॅगेत टाकला. गवंड्यासाठी दुसरा करतो म्हणाला.

सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्यावर मी आधी कोचकडे गेले, मग मुख्याध्यापिका बाईंकडे. चौदा पानं परत घेतली. नव्या आराखड्याचं पहिलं वाक्य एवढंच होतं: शाळेतलं प्रत्येक मूल. मंडळी, हे वाक्य लिहायला एक मिनिट लागलं, ते अमलात आणायला पुढची तीन वर्षं लागली.

पहिली अडचण पैशांची. इथे मदतीला आला तो "स्कूलवाइड" हाच शब्द. केंद्र सरकारचा "टायटल वन" नावाचा निधी गरीब मुलांच्या शिक्षणासाठी असतो आणि एरवी तो ठरावीक मुलांवरच खर्च करावा लागतो. पण ज्या शाळेत निदान चाळीस टक्के मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली असतात, ती शाळा आराखडा करून तो पैसा सबंध शाळा सुधारण्यासाठी वापरू शकते. आमची शाळा त्या आकड्याच्या कधीच पलीकडे गेली होती. गावाची गरिबीच अशी उपयोगी पडली. बंद कारखान्यातले दोन जुने लेथ भंगाराच्या भावात मिळाले, आणि त्यांच्याबरोबर तिथून निवृत्त झालेले तीन टूल-अँड-डाय मेकर फुकटात मिळाले.

दुसरी अडचण वेळेची. गणिताचे शिक्षक, शॉपचे शिक्षक आणि मी एका तासाला मोकळे असल्याशिवाय एकत्र बसणार कधी? सगळ्या शाळेचं वेळापत्रक मोडून नव्याने मांडावं लागलं. हे काम किती कंटाळवाणं असतं ते तुम्हाला सांगत बसत नाही. पण खरा प्रोग्रॅम उभा राहिला तो याच कंटाळवाण्या कामातून. रोबो, थ्री-डी प्रिंटर, भिंतीवरचे रंगीत तक्ते हे सगळं नंतर आलं. आठवड्यातून दोनदा पाच शिक्षक एका टेबलाशी बसू लागले, तो आमचा पाया.

तिसरी अडचण माणसांची, म्हणजे सर्वांत मोठी. इंग्रजीच्या बाईंना वाटलं, आता कवितेची गच्छंती. गणिताच्या एका सरांना वाटलं, शॉपबरोबर जोडलं म्हणजे आपलं गणित खालच्या दर्जाचं झालं. त्यांचंही पूर्ण चूक नव्हतं. या देशात १९१७ साली स्मिथ-ह्यूज कायदा झाला तेव्हापासून कारागिरीच्या शिक्षणाला वेगळा पैसा आणि वेगळी वाट मिळाली. त्याने अनेकांना रोजगार दिला हे खरं, पण "हाताची मुलं" आणि "डोक्याची मुलं" अशी भिंतही उभी राहिली. त्यातच मिशिगनने २००६च्या कायद्याने पदवीसाठी सर्वांना चार वर्षांचं गणित, त्यात अल्जेब्रा-टू, सक्तीचं केलं. उद्देश चांगला होता. पण अल्जेब्रा-वनमध्येच अडकलेल्या मुलाला पुढे नेणार कसं, हे ज्याच्या त्याच्या शाळेवर सोडलेलं होतं.

२०१४च्या शरद ऋतूत नववीच्या सगळ्या, म्हणजे दोनशे तीस मुलांपासून सुरुवात केली. पहिला प्रकल्प साफ फसला. जो सगळीकडे करतात तोच आम्ही केला: आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल. तीन आठवडे काड्या आणि गोंद. शेवटी मी मुलांना विचारलं, "यातून काय शिकलात?" एक मुलगी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "गोंद लवकर निघत नाही." खरंच होतं. कुणालाही त्या पुलावरून कुठे जायचंच नव्हतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भावाचा ओळंबा कोचच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोरीने धरून हलवला, अंगठ्याने टोक तपासलं आणि विचारलं, "कुणी केला?" मी म्हटलं, "माझ्या भावाने. माझे वडीलही टर्नर होते." आठ वर्षं एका शाळेत काम करून ही गोष्ट मी त्यांना पहिल्यांदा सांगत होते.

दुसरा प्रकल्प ओळंब्याचा झाला. चार मुलांचा एक गट, प्रत्येक गटाला अॅल्युमिनियमच्या सळईचा तुकडा. कोन गणिताच्या तासाला काढायचा, शॉपमध्ये कापायचा, माझ्याकडे त्याची घनता मोजायची, आणि मग तो घेऊन शाळेतल्या चौकटी खरंच उभ्या आहेत का ते तपासत हिंडायचं. कोन चुकला की टोक बोथट यायचं, आणि चूक कुठे झाली ते लाल शाईशिवाय दिसायचं. अण्णा इंचाच्या आठव्या भागाला "सूत" म्हणायचे. मी एकदा सवयीने तो शब्द बोलून गेले. कोचला तो इतका आवडला की पुढे मुलंही एकमेकांना "टू सूत मोअर" म्हणायला लागली. सांगलीच्या गवंड्यांचा शब्द मिशिगनच्या पोरांच्या तोंडी! स्टररवाला मुलगा तोवर अकरावीत होता. मध्ये त्याने अल्जेब्रा-वन पुन्हा घेतला होता, कसाबसा निघाला होता. कोचने त्याला नववीच्या मुलांना लेथ दाखवायला उभं केलं. एकदा मी दारातून ऐकलं, तो एका मुलीला सांगत होता, "टॅन पाठ करू नकोस. हा कोन आहे, बघ."

सगळं गोड झालं असं नाही. हुशार मुलांच्या पालकांची नाराजी आमच्या अंगावर आली. "आमच्या मुलाने लेथवर वेळ का घालवायचा? तेवढ्यात आणखी एक एपी कोर्स झाला असता." दोन कुटुंबांनी मुलं शेजारच्या डिस्ट्रिक्टला नेली. त्यातलं एक आपल्याच मंडळातलं होतं. म्हणजे ज्या गळतीसाठी हा खटाटोप सुरू केला, तीच माझ्यामुळे वाढली. त्या घरी मी आजही संक्रांतीला तिळगूळ द्यायला जाते, आम्ही दोघी गोड बोलतो. त्यांचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. आपल्या मुलासाठी उत्तम ते शोधणं हा आईबापांचा धर्मच आहे. शिक्षकाचं काम थोडं वेगळं असतं, इतकंच.

आणि मग पाण्याचं वर्ष आलं. फ्लिंटची हकिकत आपल्या राज्यातली, म्हणून सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल २०१४मध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचं पाणी डेट्रॉइटऐवजी फ्लिंट नदीतून घेतलं गेलं. पाणी जास्त गंजवणारं होतं आणि नळांच्या आत संरक्षक थर राखणारं फॉस्फेट त्यात घातलं गेलं नाही. जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं. व्हर्जिनिया टेकचे मार्क एडवर्ड्‌स यांनी पाणी तपासून आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटीशा यांनी मुलांच्या रक्तातलं शिसं दाखवून ते २०१५ साली उघड केलं. त्या ऑक्टोबरमध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आलं. आमच्या वर्गात मुलं रोज विचारू लागली, "मिस, आपल्या नळाचं काय?"

या वेळी प्रकल्प आम्ही ठरवला नाही, मुलांनीच आमच्यापुढे ठेवला. केमिस्ट्रीत शिसं पाण्यात का विरघळतं ते शिकलो. समाजशास्त्रात, निर्णय कोण घेतं आणि किंमत कोण मोजतं. गणिताच्या तासाला नव्वदावा पर्सेंटाइल. शिशाचा १९९१चा नियम असा होता, की घराघरांतले नमुने चढत्या क्रमाने लावायचे आणि नव्वद टक्क्यांवरचा आकडा एका अब्जात पंधरा भागांच्या, म्हणजे लिटरमागे पंधरा मायक्रोग्रॅमच्या वर गेला तरच पालिकेने हालचाल करायची. फ्लिंटमध्ये २०१५ साली एकाहत्तर नमुने होते. त्यातले दोन वगळले गेले आणि तो आकडा पंधराच्या खाली आला. मुलांनी हे फळ्यावर स्वतः मांडून पाहिलं. वर्गात शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून एक प्रश्न आला: "नियम पाळला तरी, वरच्या दहा टक्के घरांतली मुलं मोजायचीच नाहीत का?"

गणिताचे ते सर, ज्यांना शॉपची लाज वाटायची, नंतर मला म्हणाले, "बावीस वर्षं पर्सेंटाइल शिकवतोय. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता." मला मात्र माझी साठ नावांची यादी आठवत होती. तिथेही मी एक रेघ मारली होती आणि रेघेच्या एका बाजूची मुलं मोजलीच नव्हती.

फेब्रुवारी २०१६मध्ये एका पहाटे साडेपाचला आम्ही शाळेत जमलो. रात्रभर नळ बंद असले पाहिजेत, पहिलंच पाणी घ्यायचं, प्रत्येकी अडीचशे मिलिलिटर. बाहेर शून्याखालची थंडी, मुलं डोळे चोळत बाटल्यांवर लेबलं लावत होती. बाटल्यांचे लाकडी खोके स्टररवाल्या मुलाने केले होते. आपल्या मंडळातले चार इंजिनिअर नोंदी तपासायला आले होते, त्यांनी सर्वांसाठी थर्मासमधून मसाला चहा आणला. त्या चहाची मागणी पुढे दर वर्षी होत राहिली! अडतीस नळांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला पाठवले.

सदतीस नळ ठीक निघाले. एका नळाचा आकडा सत्तावीस आला. तो शॉपच्या कॉरिडॉरमधला होता.

मुख्याध्यापिका बाईंनी त्याच दिवशी तो बंद केला, पुढे काढून टाकला. पालकांना पत्र लिहायचं होतं. कार्यालयाच्या मसुद्यात "काही किरकोळ बाबी" असे शब्द होते. इंग्रजीच्या वर्गाने ते खोडून लिहिलं: "एका नळात शिसं सापडलं. आकडा सत्तावीस. नळ इथे होता. तो आता बंद आहे." पत्र स्पॅनिश आणि अरबीतही गेलं, भाषांतर मुलांनीच केलं. कवितेची काळजी करणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "चार वाक्यांत एकही शब्द जास्त नाही. हेच मी कवितेत शिकवते." पुढे २०२३ साली मिशिगनने शाळांतल्या पिण्याच्या पाण्याला फिल्टर बसवण्याचा कायदा केला, तेव्हा तोवर कॉलेजात गेलेल्या आमच्या कितीतरी मुलांनी मला निरोप पाठवले.

स्टररवाला मुलगा त्या जूनमध्ये पदवीधर झाला. अल्जेब्रा-टू त्याने शेवटच्या सत्रात सी ग्रेडने पार केला. त्याचा बाप स्टेजसमोर रडत होता. आता तो मोठ्या यंत्रांची उभारणी करण्याच्या कामात आहे, माझ्यापेक्षा जास्त कमावतो आणि ते मला दर नाताळच्या कार्डात न चुकता कळवतो. पण त्याच वर्षी एक मुलगी, जी ओळंब्याच्या प्रकल्पात सर्वांत पुढे होती, अकरावीतच शाळा सोडून गेली. घरात कमावणारं कुणी नव्हतं. आमचा प्रोग्रॅम तिला धरून ठेवू शकला नाही. "प्रत्येक मूल" हे वाक्य वाचलं की मला तीच आठवते.

कोच २०१८मध्ये निवृत्त झाले. शॉप शिकवायला वर्षभर माणूसच मिळाला नाही, लेथवर ताडपत्री पडून राहिली. एक माणूस गेला की प्रोग्रॅम किती हलतो ते तेव्हा कळलं. मग मार्च २०२०मध्ये कोविडने शाळाच बंद केली आणि पडद्यावरून ओळंबा कापता येत नाही हेही कळलं. पण दोन्ही वेळा पुन्हा उभं राहिलो ते त्या टेबलामुळे. शिक्षक आठवड्यातून दोनदा बसत राहिले, निदान झूमवर. अल्जेब्रात नापास होणारी मुलं आज पहिल्यापेक्षा कमी आहेत. संपली मात्र नाहीत.

गेल्या जूनमध्ये मीही निवृत्त झाले. आता त्या महाप्रसादाच्या रांगेतल्या गृहस्थांना उत्तर देते. फायदा काय? तुमची लेक हुशार आहे, ती कुठेही शिकेल. पण आमच्या शाळेत ती अशा मुलाशेजारी उभी राहून शिकली, ज्याला तिच्यापेक्षा गणित कमी येतं आणि यंत्र जास्त कळतं. उद्या ती इंजिनिअर होऊन काहीतरी आखेल, तेव्हा ते बनवणारा माणूस तिला परका वाटणार नाही. मला अण्णांशी जे बोलणं कधी जमलं नाही, ते तिला जमेल. माझ्या मते हा फायदा थोडाथोडका नाही. (गंमत म्हणजे त्यांनी मुलीचं नाव आमच्याच शाळेत घातलं. गेल्या वर्षी तिचा ओळंबा एक सूत वाकडा आला होता.)

एक विनंती करून थांबते. नव्या शिक्षकांना फेब्रुवारीतल्या नमुन्यांच्या दिवसासाठी आणि शनिवारच्या शॉपसाठी माणसं हवी आहेत. इंजिनिअर या, डॉक्टर या, आणि ज्यांना वाटतं "आम्हाला कुठलं सायन्स येतं", त्यांनी तर नक्की या. पहाटे साडेपाचला यायचं. चहा मी आणीन.

भावाचा पितळी ओळंबा मी घरी आणला नाही. तो माझ्या जुन्या वर्गात फळ्याशेजारी टांगलेला आहे. तिथेच राहू दे म्हटलं.